डोंगराच्या पायथ्याची खाच

आमच्या दुकानातून नकाशा बाहेर पडायचा, तर आधी त्याच्या पाठीवर भाऊजींचा अंगठा उमटावा लागतो. ओल्या प्लास्टरचा एक गोळा मी पाठीवर थापते, भाऊजी नकाशावरून हात फिरवतात, आणि मनासारखा असला तर त्या गोळ्यात अंगठा दाबतात. नसला तर म्हणतात, "वहिनी, हा तुमच्याच घरी ठेवा." घर त्यांचंही तेच, पण बोलायची तऱ्हा अशी.

आम्ही न दिसणाऱ्यांसाठी उठावाचे नकाशे करतो. साचे आणि प्लास्टर माझं, चौकटी आणि स्क्रू आमच्या ह्यांचे, आणि तपासणी भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. ते जन्मापासून आंधळे. आंधळा म्हटलेलं त्यांना चालतं, कुणी बिचारा म्हटलं की बिनसतं. कामाचे कायदे त्यांनीच घालून दिलेत. गुळगुळीत म्हणजे पाणी, खरखरीत म्हणजे जमीन, उंचवटा म्हणजे डोंगर. आणि खाच म्हणजे मध्ये पाणी शिरलंय, इकडची जमीन वेगळी आणि तिकडची वेगळी. म्हणून जमिनीवर साधा चरा जरी उठला तरी ते नकाशा परत करतात. मी चिडते, पण परत करते म्हणजे करते.

घरात त्यांना मी नाव ठेवलंय, उपखंड. का, तर आमच्या घराला मागे एक खोली आहे, आणि तिच्यात जायचं तर छतापर्यंत चढलेल्या साच्यांच्या मांडणीला वळसा घालून जावं लागतं. पलीकडे सगळा कारभार वेगळा. त्यांची शेगडी, त्यांचा रेडिओ, गल्लीत उघडणारं त्यांचं दार. आमच्याकडे उकडत असतं तेव्हा त्यांच्याकडे वारा असतो. भांडण झालं की ते त्या दारानं जातात आणि त्या दारानं येतात, मांडणी ओलांडत नाहीत.

नाव ठेवलं तेव्हा वाटलं होतं, रागावतील. उलट खुलले. म्हणाले, "वहिनी, पहिल्यांदा काहीतरी बरोबर बोललात. उपखंड म्हणजे लहान खंड नव्हे. खंडाचाच भाग तो, जमीन सलग. पण मध्ये डोंगर आडवे पडले की वारे वेगळे, नद्या वेगळ्या, माणसांचं येणं-जाणं वेगळं. इतकं वेगळं की त्याला नुसता तुकडा म्हणवत नाही आणि खंडही म्हणता येत नाही."

"आणि खंड कशाला म्हणायचं?"

"जमिनीचा सगळ्यात मोठा सलग गोळा. पण ते नुसतं म्हणायला. युरोप आणि आशिया यांच्यात कुठे समुद्र आहे? एकच जमीन आहे ती, सवयीनं दोन नावं पडलीत. ग्रीनलंडला कुणी बेट म्हणतं, कुणी उपखंड. खंड ठरवताना माणसांनी आपली सोय बघितली. उपखंड ठरवताना निदान डोंगर तरी बघितला."

असं बोलायला लागले की थांबत नाहीत. मी म्हणाले, पुरे, आमटी करपेल. तर मांडणीपलीकडून ओरडले, "तुमची करपेल, माझ्या उपखंडात वारं आहे."

गेल्या काही महिन्यांत मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी नकाशा माझ्या टेबलावरच तपासायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत. आता तो उचलून खोलीत न्यायचे आणि दार लावून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, तुमच्या बडबडीनं लक्ष लागत नाही. त्यात त्यांना साखरेचा आजार, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. एक दिवस ते नकाशा घेऊन बाहेर आले तर वरच्या ओठावर पांढरं. मी काय ते समजले. मिशी राखत नाहीत, त्यामुळे लपायचंही नाही.

"भाऊजी, मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ते खरंय हो," मी म्हणाले. "साखर खाल्लीत ना?"

ते जरा थांबले. मग हसून म्हणाले, "खाल्ली. चिमूटभर."

मला काय बोलायला निमित्तच हवं असतं. पाय तोडावे लागतील, तुमचं करायचं कुणी, असं वाटेल ते बोलले. हे म्हणाले, उचलली जीभ लावली टाळ्याला, जरा दमानं घे. पण पुढच्या आठवड्यात परत ओठावर पांढरं. तेव्हा मी साखरेच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. घरच्या माणसापासून डबा कुलपात ठेवायचा म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊजी चहा बिनसाखरेचा प्यायचे आणि कप धुऊन ठेवायचे.

अशात अंधशाळेचं काम आलं. भाऊजी लहानपणी तिथेच शिकले. त्यांच्या वेळी नकाशा म्हणजे मास्तरांचा आवाज. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळं तोंडी. आता शाळेनं नवा हॉल बांधला होता आणि तिथल्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भिंतभर आशिया हवा होता. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नकाशा लागला की तो मुलांना शिकवायला त्यांना भाऊजी हवे होते. रोज, पगारी. आजवर भाऊजींना कुणी काम दिलं ते आम्ही, घरचे म्हणून. परक्या माणसानं त्यांच्या हातांकडे बघून जागा देऊ केली ती ही पहिली. त्या दिवशी ते मांडणी ओलांडून आमच्याकडे जेवायला आले. म्हणाले, "वहिनी, बाई म्हणाल्या, तुमच्यासारखी बोटं दुसरीकडे नाहीत." मग एकदम गप्प झाले. मला वाटलं, आनंदानं.

आशिया मी केला, आणि केला तो असा की मलाच माझं कौतुक वाटलं. फक्त तो दुकानाच्या दारातून जाईना. कापावा लागणार. हे म्हणाले, हिमालयाच्या पायथ्यानं कापू, खालचा उपखंड सुटा नेऊ आणि तिथे जोडू, डोंगराच्या सावलीत जोड झाकून जाईल. मी म्हणाले, डोळ्याला झाकेल, बोटाला नाही. वाळवंटातून कापा, तिथे सपाट आहे, भरायला सोपं. पण तसा कापला तर तुकडा फार जड होत होता. शेवटी डोंगराच्या पायथ्यानंच कापला. शाळेत नेला, भिंतीवर दोन्ही तुकडे स्क्रूंनी आवळले आणि मधल्या जोडात ह्यांनी लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली. मी सांगत होते, दोनदा भरा, पहिला हात वाळू द्या. ह्यांना घरी जायची घाई. एकाच दमात थापून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं शाळेत गेलो. भाऊजींनी तपासायचं, आणि मग लगेच मुलांनी यायचं असं ठरलं होतं. नकाशाची पाठ आता भिंतीला लागली होती, अंगठ्याचा गोळा थापायला जागाच नव्हती, म्हणून भाऊजी म्हणाले होते, या वेळी तोंडी सांगेन. हॉलमध्ये रंगाचा वास होता. खिडकीतून उजेड तिरपा येत होता आणि मी आत पाऊल टाकलं तेव्हाच मला ती दिसली. डोंगराच्या पायथ्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी रेघ. लांबी वाळून आत बसली होती. नख जाईल एवढी सरळ खाच पडली होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे बघितलं.

म्हटलं, जाऊ दे, भाऊजी आता पकडतील, चार शब्द ऐकवतील, आपण भरून टाकू. भाऊजी मोठ्या बाईंना म्हणत होते, "मला थोडा वेळ एकट्याला सोडता का? दार लावून घ्या."

"अहो, असं कसं," बाई म्हणाल्या. "मुद्दाम सगळ्या शिक्षकांना बोलावलंय. तुमचा हात कसा चालतो ते बघू दे त्यांनाही."

शिक्षक समोरच्या भिंतीला ओळीनं उभे होते; जोड माहीत नसलेल्याला तिथून ती रेघ डोंगराची सावलीच वाटली असती. भाऊजींनी एकदा मान दाराकडे वळवली, मग भिंतीकडे. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. त्यांनी दोन्ही हात वर नेले, उत्तरेपासून सुरुवात केली आणि सावकाश खाली यायला लागले. थंड मैदानं, वाळवंट, पठार. डोंगराशी आले. हातच्या काकणाला आरसा कशाला, समोर फट आहे, आता थांबतील.

त्यांची बोटं खाचेवरून गेली. थांबली नाहीत. खाली नद्यांवरून फिरली, समुद्राच्या गुळगुळीतावर आली, आणि भाऊजी म्हणाले, "चोख."

पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करताहेत. अशी थट्टा ते करतात, मला घाम फोडायला. मी म्हणाले, "भाऊजी, डोंगर परत बघा जरा."

ते परत गेले. खाचेत बोट नीट अडकलं, लांबीचा एक कण सुटून खाली पडला. भाऊजी म्हणाले, "डोंगर छान जमलेत, वहिनी."

मग एकेक आठवायला लागलं. परवा गरम पातेलं त्यांनी नुसत्या हातानं उतरवलं होतं आणि चटका लागला असं म्हणालेच नव्हते. सदऱ्याची बटणं लावायला त्यांना इतका वेळ लागायचा, की मी बाहेरून ओरडायची, नवरदेव आवरा.

बाई खूश होत्या. "मग आणते मुलांना," म्हणाल्या आणि गेल्या. शिक्षकही त्यांच्यामागे गेले. हॉलमध्ये आम्ही तिघंच उरलो.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुम्हाला बोटांना लागत नाही."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"पायथ्याशी फट आहे. तुम्ही दोनदा तिच्यावरून गेलात. कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," ते म्हणाले. "आधी टोकं गेली. आता पेरं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" मी हळू बोलायला गेले, पण माझा हळू आवाजही दोन खोल्यांपलीकडे जातो. "मी काय परकी आहे?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? मला एक खुर्ची दिली असतीत. बसा म्हणाला असतात, आराम करा. दोन वेळचं जेवण आणि खुर्ची."

"पण मग इतके दिवस नकाशे तपासलेत कसे? एकही चुकला नाही."

"ते राहू द्या," ते म्हणाले. जिन्यावर मुलांचे पाय वाजायला लागले. त्यांनी चाचपडत माझा दंड धरला, इतका घट्ट की दुखला. "वहिनी, आज काही बोलू नका. पहिल्या दिवशी मुलांना काय कळतंय? संध्याकाळी भरून टाकू. ही जागा गेली तर दुसरी नाही मला."

ह्यांनी लांबीचा डबा उघडला होता, तो तसाच मिटला. आणि मी, जिच्या तोंडाला आजवर कुलूप नव्हतं, ती गप्प राहिले. दीर आहे तो माझा. मला दुसरं काही सुचलं नाही.

मुलं आत आली, मागोमाग शिक्षकही. खाच, खरखरीत, गुळगुळीत हे भाऊजींचे कायदे बाईंनी मुलांना आधीच शिकवून ठेवले होते. बाईंनी हाक मारली, "चुळबुळे, तू पहिली ये. नाहीतरी तुला धीर नाही." दोन वेण्या घातलेली, जागेवर उभी न राहणारी मुलगी होती. तिनं भिंत शोधली आणि हात लावला तो नेमका मधोमध. खरखरीत, खरखरीत, मग डोंगर चढली. "किती उंच आहे हे," म्हणाली. डोंगर उतरली आणि थांबली. बोट आडवं नेलं, डाव्या टोकापर्यंत, मग उजव्या टोकापर्यंत.

"इथे समुद्र आहे," ती म्हणाली.

"कुठे ग?" बाईंनी विचारलं.

"इथे. खाच म्हणजे पाणी ना? बारीक समुद्र आहे." तिनं खालच्या भागावर तळवा ठेवला. "म्हणजे हे वेगळं आहे. हे दुसरं खंड आहे."

बाई पुढे आल्या, वाकून बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नंतर भाऊजींकडे. भाऊजींचा चेहरा उतरला होता. मला ते बघवेना. तोंडात आलं ते मी बोलून गेले.

"ती मुद्दाम ठेवलीय, बाई. उपखंड आहे ना तो. मुलांना वेगळा कळावा म्हणून फट ठेवलीय. भाऊजींनीच सुचवलं."

बाईंचा चेहरा खुलला. "अरे वा. हे आम्हाला सुचलंच नसतं."

निभावलं. ह्यांनी सुस्कारा सोडला. कुणी काही विचारलं नाही. भाऊजींची जागा पक्की झाली होती.

चुळबुळी मागे वळून बाकीच्या मुलांना सांगायला लागली, "ऐका, हे वेगळं खंड आहे. इकडून तिकडे चालत नाही जाता येत. होडीनं जायचं." मुलं पुटपुटली, होडीनं जायचं. एकानं विचारलं, होडी केवढी लागेल?

"नाही," भाऊजी म्हणाले.

मी त्यांची बाही ओढली. त्यांनी सोडवून घेतली.

"होडी नाही लागत," ते म्हणाले. "तिथे पाणी नाहीये. ती फट चूक आहे आमची. वहिनी मला सांभाळून घेताहेत. ती मुद्दाम ठेवलेली नाही. मी तपासलं आणि मला ती लागली नाही, कारण साखरेच्या आजारानं माझी बोटं बधिर झालीत. बाई, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच वेळी मला रडूही येत होतं.

भाऊजी भिंतीशी गेले. हातानं चाचपून छातीच्या उंचीवर डोंगर कुठे असेल त्याचा अंदाज घेतला, वाकले, आणि सगळ्यांच्या देखत भिंतीला ओठ लावले. एक शिक्षक खोकला. भाऊजी ओठांनी डोंगराच्या कडेनं चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता. मग सरळ झाले आणि आमच्याकडे वळले.

त्यांच्या वरच्या ओठावर पांढरं लागलं होतं.

साखर नव्हती ती. दार लावून, माझ्या टेबलापासून लपून, ते एकेक नकाशा ओठांनी तपासत होते. प्लास्टरची भुकटी होती ती, माझ्याच हातची. आणि मी त्यांना मांजर म्हणाले होते, डब्याला कुलूप घातलं होतं. त्यांनी चोरी कबूल केली होती, बोटांचं कळू नये म्हणून.

"लागली," भाऊजी म्हणाले. "चांगली मोठी आहे. चुळबुळे, इकडे ये. तुझं बोट दे."

ती आली. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"हा खालचा तुकडा एके काळी खरंच वेगळा होता. लांब दक्षिणेला होता, चहूकडे पाणी. तेव्हा तुझी होडी लागली असती. मग सरकत सरकत वर आला आणि या मोठ्या जमिनीला धडकला. मधला समुद्र मिटला. दोन्हीकडची जमीन चेपून वर आली, तो हा डोंगर. अजूनही ढकलतोय, डोंगर वर्षाला नखभर वाढतो. आता तो वेगळा आहे का?"

"डोंगर आहे मध्ये," ती विचार करत म्हणाली. "पण चिकटलाय."

"चिकटलाय. म्हणून उपखंड. पलीकडचा वारा इकडे येत नाही, इकडचे ढग तिकडे जात नाहीत, तरी चालत जाता येतं. अवघड आहे, दमायला होतं, पण पाय जमिनीवरच राहतो. वहिनी, लांबी द्या."

मी डबा उघडला. चुळबुळीनं बोटानं लांबी उचलली आणि खाचेत दाबत गेली. ती विचारायची, पुरे? भाऊजी म्हणायचे, मला नको विचारू, तुझ्या बोटाला विचार. बाकीची मुलंही पुढे सरसावली. लांबी जमिनीवर पडली, कपड्यांना लागली. एक भाग पार ओबडधोबड झाला, तो मी नंतर पॉलिश पेपरनं घासला.

निघताना मोठ्या बाई भाऊजींना म्हणाल्या, "तुमच्या जागेचं समितीला विचारावं लागेल. मी प्रयत्न करते." त्या चांगल्या बाई आहेत, खोटं बोलल्या नसतील. समिती अजून विचार करते आहे. नकाशा मात्र भिंतीवर आहे आणि तिथे कुणी होडीनं जात नाही.

घरी परत येताना हे दोनदा म्हणाले, दोनदा भरायला हवी होती लांबी. भाऊजी म्हणाले, "दादा, बरं झालं नाही भरलीस ते." भाऊजी गल्लीतल्या दारानं आपल्या खोलीत गेले.

मी दुकानात बसून राहिले. मग टेबलावरचा वाळलेला एक लहान नकाशा उचलला, मांडणीला वळसा घातला आणि त्यांच्या दारात उभी राहिले. ते खाटेवर बसले होते, हात मांडीवर पालथे टाकून.

"हा तपासायचा राहिलाय," मी म्हणाले.

"अंगठा आता कशाला हवाय, वहिनी."

"अंगठा राहू दे. तपासा. दार उघडंच ठेवते मी, आणि इथेच बसते. बडबड करणार नाही."

त्यांनी नकाशा तोंडाशी धरला. सावकाश किनारा फिरले, नदी चढले. मी बघत राहिले. मग खाली ठेवून म्हणाले, "वरच्या डोंगरात एक फुगा राहिलाय. बाकी ठीक." खरंच होता, हवेचा फुगा. मला डोळ्यांनी दिसला नव्हता.

मी उठले आणि कमरेची किल्ली सोडली. त्यांचा हात उलटा केला आणि तळव्यावर ती ठेवली.

"हे काय?"

"साखरेच्या डब्याची किल्ली."

"मला काय करायचीय? मला गोड बंद आहे."

"असू दे तुमच्याकडे."

ते तळवा तसाच उघडा धरून बसले. मग विचारलं, "वहिनी, आहे ना ती हातात? मला कळत नाहीये."

"आहे," मी म्हणाले, आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.